पाडव्याच्या आत विहिरीत दोर सोडा

निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी, बेळगाव, खानापूर तालुक्यांतल्या शेतकरी बंधू-भगिनींनो, आणि वरच्या अंगाच्या कागल-शिरोळमधल्या पाहुण्यांनो,

कारखान्यांचा पट्टा पडायची वेळ जवळ आली. खोडवे फुटायला लागले, सुरू लावणी उरकल्या. आता पावसाळ्यापर्यंत गावोगाव रोज एकच प्रश्न विचारला जाईल : लाईट कधी येणार? माझी हात जोडून विनंती आहे, यंदा त्याआधी दुसरा प्रश्न विचारा. लाईट आल्यावर मोटर नेमकं काय उपसणार आहे?

कर्नाटकात २००८ पासून दहा एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला वीजबिल नाही. महाराष्ट्राने २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतचं बिल माफ केलं. म्हणजे वेदगंगेच्या आणि दूधगंगेच्या वरच्या अंगालाही आणि खालच्या अंगालाही पाणी उपसायचा खर्च आज जवळजवळ शून्य आहे. आपल्या कर्नाटकात असे तीस लाखांहून जास्त पंप आहेत, आणि त्यांच्या विजेपोटी सरकार वर्षाला दहा हजार कोटींहून अधिक रुपये वीज कंपन्यांना भरतं. आपल्या भागात ते हेस्कॉमला मिळतात. त्याशिवाय ठिबक-तुषारला केंद्राचं अनुदान आहे, त्यात राज्याची भर पडून दोन हेक्टरपर्यंत ते नव्वद टक्क्यांवर जातं. दलित, मागास आणि अल्पसंख्याक समाजातल्या लहान शेतकऱ्यांना गंगा कल्याण योजनेतून बोअर मिळते. कोरडवाहू शेतकऱ्यांसाठी कृषी भाग्यमधून शेततळी झाली. आता सोलर पंपाला केंद्राचे तीस टक्के आणि राज्याचे पन्नास टक्के मिळतात.

यातली एकही योजना बंद करा, असं मी म्हणत नाही. ज्याच्या मालाला भाव नाही, ज्याच्या रानावर पाऊस वेळेवर पडत नाही, त्याला सरकारने हात दिलाच पाहिजे. माझं म्हणणं वेगळं आहे. हाच पैसा आज अशा वाटेने येतो, की जो जास्त उपसेल त्याला जास्त मिळतो, जो पाणी राखेल त्याला काहीच मिळत नाही, आणि ज्याच्या विहिरीचं पाणी संपलं त्याच्याकडे कुणी बघतही नाही. ती वाट आपण बदलून घेतली पाहिजे. त्यासाठी या उन्हाळ्याच्या आत आपल्याला काही गोष्टी कराव्या लागतील, म्हणून हे लिहिलं आहे.

आधी हिशेब बघा. दहा एचपीची मोटर तास-दीड तास नव्हे, सरकार म्हणतं तशी सात तास चालली, तर दिवसाला बावन्न युनिट वीज लागते. युनिटला सात रुपये धरले, तर दिवसाचे साडेतीनशेच्या वर झाले. वर्षाला दोनशे दिवस मोटर चालली, तर सत्तर हजारांहून जास्त. तीन एचपीवाल्याला याचा तिसरा हिस्साही मिळत नाही. आणि ज्याचं रान माळाला आहे, ज्याच्याकडे विहीर नाही, जो हस्तावर हरभरा-शाळू टाकून आभाळाकडे बघतो, त्याच्या वाट्याला या दहा हजार कोटींतला एक रुपयाही येत नाही. शेतकऱ्यांचं अनुदान म्हणून जे मोजलं जातं, ते खरं तर पंपाचं अनुदान आहे. मोठा पंप, नदीकाठचं रान आणि पाइपलाइनला भांडवल ज्याच्याकडे, त्याच्याकडे ते वाहत जातं. गावात हे सगळ्यांना माहीत आहे, पण बोलायला कुणी धजत नाही, कारण बोलणाऱ्याला शेतकऱ्याच्या विरोधातला म्हटलं जातं. माळाचा शेतकरी हाही शेतकरीच आहे, हे आपण मोठ्याने म्हणायला शिकलं पाहिजे.

आता जमिनीखाली काय चाललंय ते बघू. निपाणी-चिक्कोडीच्या खाली काळा पाषाण आहे. पाणी असतं ते वरच्या मुरमात आणि पाषाणाच्या भेगांत. वाळूच्या मैदानासारखं खोल खोल पाणी आपल्याकडे नाही. पाचशे-सहाशे फूट गेलं म्हणून पाणी वाढत नाही. बहुतेक वेळा वरच्या भेगेतलं, शेजारच्या विहिरीचं पाणी खाली ओढलं जातं. तुमची बोअर लागते त्या दिवशी शेजाऱ्याची विहीर एक-दोन परस खाली जाते. त्याने मग बोअर मारली की तुमची हवा ओढायला लागते. या शर्यतीत शेवटी टिकतो तो ज्याच्याकडे तिसरी, चौथी बोअर मारायला पैसा आहे तो. गंगा कल्याणची एकच बोअर मिळालेला दोन एकरवाला त्यात टिकत नाही. सरकारने एका हाताने त्याला बोअर दिली आणि दुसऱ्या हाताने शेजाऱ्याला ती आटवायची फुकट वीज दिली.

विजेचंही तसंच आहे. पाणी दहा मीटरवर असताना पाच एचपीची मोटर तासाला जेवढं पाणी काढते, ते पाणी शंभर मीटरवर गेलं की तेवढ्याच विजेत त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढंच निघतं. म्हणजे जसजशी पातळी खाली जाते, तसतसं सरकारला आपल्या प्रत्येक घागरीमागे जास्त पैसे मोजावे लागतात आणि आपल्याला पाणी कमी मिळतं. तिजोरी रिकामी होते आणि विहीरही. या पैशातून ना दिवसाची लाईट आली, ना टीसी (ट्रान्सफॉर्मर) जळल्यावर चार दिवसांत बदलून मिळाला.

रात्रीची लाईट ही आपली जुनी जखम आहे. थ्री फेज रात्री दोनला येणार, म्हणून माणूस बॅटरी घेऊन सरीत उभा राहतो, साप-विंचवाची भीती असते, थंडीत अंग गारठतं. मग ज्याला झोप हवी तो मोटरला ऑटो स्टार्टर लावतो. लाईट आली की मोटर आपोआप सुरू, लाईट जाईपर्यंत पाणी चालू, रानातून पाणी लवणात, लवणातून ओढ्यात. एका टीसीवरच्या साऱ्या मोटरी एका क्षणी सुरू झाल्या की दाब कोसळतो, वाइंडिंग जळतं, टीसी जळतो. ऑटो स्टार्टर लावणाऱ्याला मी दोष देणार नाही. रात्री पाणी पाजायला लावणाऱ्या व्यवस्थेने तो त्याच्या हातात दिला. पण त्यातून वाया जाणारं पाणी कुणाच्या तरी उन्हाळ्यातलं आहे, हे तरी आपण एकमेकांना सांगितलं पाहिजे.

ऊस हा या साऱ्याचा गाभा आहे आणि त्याबद्दल सरळ बोलायला हवं. बेळगाव हा राज्यातला सगळ्यात मोठ्या ऊसक्षेत्राचा जिल्हा आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुडलगी तालुक्यातल्या गुर्लापूर क्रॉसवर शेतकरी रस्त्यावर उतरले, टनाला साडेतीन हजारांची मागणी केली, शेवटी तीन हजार तीनशेवर तोड निघाली. ती मागणी रास्त होती. ऊस का लावला जातो? कारण त्याला कायद्याने ठरलेला दर आहे, घेणारा कारखाना आहे, पावसाने झोडपला तरी उभा राहतो, आणि पाण्याला पैसे पडत नाहीत. ज्वारीला हमीभाव कागदावर आहे, पण घेणारं केंद्र वेळेवर उघडत नाही. सोयाबीन घेऊन बाजारात गेलं तर हमीभावाच्या खाली विकावं लागतं. अशा वेळी ऊस लावणारा शेतकरी मूर्ख नाही आणि लोभीही नाही. सरकारने जिकडे पैसे टाकले तिकडे तो गेला.

पण किंमत काय? ऊस उभा करायला सुमारे दोन मीटर उंचीचं पाणी लागतं. एका एकराला ते ऐंशी लाख लिटर होतं. त्यातलं निम्मं पावसाचं धरलं तरी चाळीस लाख लिटर विहिरीतून किंवा नदीतून घ्यावं लागतं. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज पंचावन्न लिटर पाणी धरलं आहे. त्या हिशेबाने एका एकरातल्या उसाला आपण उपसून देतो तेवढ्या पाण्यात दोनशे माणसांचं वर्ष निघतं. नीती आयोगाच्या २०२० च्या अहवालात एक किलो साखरेमागे दीड-दोन हजार लिटर पाणी लागतं असं म्हटलं आहे. आपण साखर विकतो असं वाटतं, पण ट्रकमधून बाहेर जातं ते बऱ्याच अंशी आपलं पाणी.

ज्यांना आठवतं त्यांना माहीत आहे, निपाणीचा नावलौकिक उसाने झाला नाही, तंबाखूने झाला. पावसाळ्यात लावलेली ती तंबाखू काळ्या रानातल्या ओलीवर वाढायची. तंबाखूचं कौतुक मला करायचं नाही, विडी कारखान्यांत बायका-पोरांचं काय झालं ते आपण पाहिलं आहे. पण या भागाने उपशाशिवाय पैसा मिळवला आहे, एवढं लक्षात ठेवा. त्याच तंबाखूच्या दरासाठी १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी निपाणीत महामार्ग अडवला आणि ६ एप्रिलला गोळीबारात बारा शेतकरी गेले. त्या आंदोलनाची मागणी सूट-सवलतीची नव्हती, घामाच्या दामाची होती. पुढच्या काळात सरकारांनी दाम द्यायच्या जागी वीज फुकट दिली, आणि आपण ते घेतलं. दाम मिळाला असता, तर विजेचं बिल भरायला आपण मागेपुढे पाहिलं नसतं.

नद्यांकडे वळतो. वेदगंगा पाटगावहून येते, दूधगंगा काळम्मावाडीहून. दूधगंगा प्रकल्प हा दोन राज्यांचा आहे आणि त्यातलं चार टीएमसी पाणी कर्नाटकाच्या वाट्याचं आहे. भोजच्या अंगाला दोन्ही नद्या एक होतात आणि पुढे कल्लोळ-येडूरला कृष्णेला मिळतात. पावसाळ्यात जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड हे बंधारे पाण्याखाली जातात. २०१९ आणि २०२१ मध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेने पुणे-बेंगळूरू महामार्गच बंद पाडला होता. आणि त्याच बंधाऱ्यांना उन्हाळ्यात बरगे घालून पाणी अडवलं, की महिन्याभरात डबकं उरतं. पूर आणि कोरड एकाच नदीत, एकाच वर्षात.

वरून पाणी सोडलं तरी ते खाली येईपर्यंत दोन्ही काठांच्या हजारो मोटरी ते उचलतात. सोडलेलं पाणी कागदावर पोहोचतं, पात्रात पोहोचत नाही. मग महाराष्ट्रात उपसाबंदी लागते, इकडे नदीकाठची वीज तोडली जाते, आणि ज्या शेतकऱ्याने सहा महिने काटकसर केली त्याचंही पीक वाळतं. कृष्णेचीही तीच गत. राजापूर बंधाऱ्याच्या खाली पात्र कोरडं पडलं की बेंगळूरूहून मुंबईला पत्र जातं, कोयना-वारणेतून पाणी सोडा. २०२५ च्या उन्हाळ्यातही मुख्यमंत्री सिद्धरामय्यांना असं पत्र लिहावं लागलं. इचलकरंजीला दूधगंगेचं पाणी नेणाऱ्या सुळकूड योजनेवरून कागल ते सीमाभाग सगळा काठ पेटला होता, तो याच भीतीने. शहराला पिण्याचं पाणी द्यायला काठाचा शेतकरी घाबरतो, कारण नदीत आधीच काही राहत नाही. कृष्णा लवादाने बच्छावत निवाड्यात कर्नाटकाला ७०० आणि महाराष्ट्राला ५६० टीएमसी दिलं. लवाद राज्यांत पाणी वाटतो. सदलग्याचं पाणी सदलग्यात कसं वाटायचं, हे कुठलाही लवाद ठरवणार नाही.

२०२३ साल विसरू नका. राज्यातल्या २३६ तालुक्यांपैकी २२३ दुष्काळी जाहीर झाले होते. ऑक्टोबरमध्येच शेतकरी सात तासांची लाईट मागत रस्त्यावर होते. तेव्हा वीजही नव्हती आणि विहिरीत पाणीही नव्हतं. तसं साल पुन्हा येणार आहे, फक्त कुठलं ते सांगता येत नाही.

आणखी एक नुकसान आहे, ते डोळ्यांना दिसतं पण पंचनाम्यात येत नाही. शिरोळपासून रायबाग-अथणीपर्यंत कृष्णाकाठच्या हजारो एकरांत मीठ फुटलं आहे. मोकाट पाणी, जोडीला खतांचा मारा, आणि निचऱ्याची सोय नाही, म्हणून जमीन चोपण झाली. एके काळी एकरी साठ-सत्तर टन देणारं रान आज गवतही धड देत नाही. शिरोळच्या दत्त कारखान्याच्या पुढाकाराने जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून हजारो एकर क्षारपड रान पुन्हा पिकाखाली आणण्याचं काम झालं. ते स्तुत्य आहे. पण तो खर्च शेतकऱ्याने कर्ज काढून केला. फुकट पाण्याने बिघडलेली जमीन दुरुस्त करायला विकतचे पाइप लागले. वेदगंगा-दूधगंगेच्या काठचे शेतकरी अजून सावरू शकतात. थांबलो तर आपलीही तीच वाट आहे.

ठिबकने सगळं सुटेल असं सांगणारे बरेच आहेत. ठिबक चांगलंच, उसाला मोकाट पाण्यापेक्षा चाळीस टक्क्यांच्या आसपास पाणी कमी लागतं, खत वाचतं, तण कमी येतं. पण दोन गोष्टी नीट समजून घ्या. बागलकोट जिल्ह्यात हुनगुंदजवळ रामथळ इथे सरकारने चोवीस हजार हेक्टरला सामूहिक ठिबक योजना केली. जगातल्या मोठ्या कंपन्यांनी पाइप अंथरले. तरी अनेक शेतकऱ्यांनी ते वापरलेच नाहीत, कारण पाणी कधी, किती, कुठल्या पिकाला, हे ठरवताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. अन्न आणि कृषी संघटनेच्या २०१७ च्या अहवालाने अनेक देशांतले अनुभव तपासून सांगितलं, की ठिबकने वाचलेलं पाणी शेतकरी नव्या क्षेत्राला देतो आणि एकूण उपसा कमी होत नाही, कधी वाढतोच. आपल्याकडे हे रोज दिसतं. दोन एकरांचं पाणी वाचलं की तिसऱ्या एकरात ऊस. वाचलेलं पाणी जमिनीतच राहील, अशी अट आपण स्वतः घालून घेतली नाही, तर नव्वद टक्के अनुदान घेऊनही विहीर आटणारच. सोलरचंही तेच. सूर्याला बिल नाही, म्हणून दिवसभर उपसा. सप्टेंबर २०२३ पासून राज्याने नव्या पंपांना खांब-तारा फुकट देणं बंद करून लांबच्या पंपांना सोलरकडे वळवलं. ते वीज खात्याच्या सोयीचं आहे. विहिरीच्या सोयीचं होण्यासाठी त्यात एक दुरुस्ती लागेल : सोलरची उरलेली वीज सरकारने विकत घेतली पाहिजे. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावात २०१६ मध्ये शेतकऱ्यांनी सहकारी संस्था करून हे केलं. कर्नाटकातही २०१४ मध्ये कनकपुराजवळ हारोबेलेत सूर्य रयत नावाने प्रयोग झाला. शेतकऱ्याला वीज विकून पैसे मिळू लागले, की पाणी उपसायचं की वीज विकायची हे तो स्वतःच्या हिशेबाने ठरवतो.

माझी मुख्य मागणी याच्याच जवळची आहे. आज आपल्या पंपाच्या विजेपोटी सरकार हेस्कॉमला जे पैसे भरतं, ते आपल्या नावाने दाखवावेत, आणि न वापरलेल्या युनिटचे पैसे आपल्या खात्यात टाकावेत. पंजाबमध्ये १९९७ पासून शेतीची वीज फुकट होती, जमिनीखालचं पाणी तळाला गेलं. २०१८ मध्ये तिथे पाणी वाचवा, पैसे कमवा अशी योजना काही भागांत सुरू झाली. प्रत्येकाला ठरावीक युनिट, आणि न वापरलेल्या प्रत्येक युनिटमागे चार रुपये. कुणाचीही वीज तोडली नाही, कुणाला बिल आलं नाही. आपल्याकडे पंपाच्या वीजजोडणीचा आरआर नंबर आधारशी जोडायची मोहीम झालीच आहे. बँक खाती फ्रूट्स या सरकारी शेतकरी नोंदणीत नोंदलेली आहेत. म्हणजे पैसे देण्याची व्यवस्था तयार आहे, इच्छा तेवढी नाही.

मीटर म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो, हे मला माहीत आहे. आज मीटर, उद्या बिल, ही भीती खोटी नाही. म्हणून घरटी मीटर मागायची गरज नाही. टीसीला मीटर लावा, त्यावरच्या दहा-पंधरा शेतकऱ्यांना मिळून युनिट ठरवून द्या, आणि वाचलेल्या युनिटचे पैसे त्यांच्यात एचपीने नव्हे, माणसागणिक वाटा. पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंख्यांनी १९७४ च्या सुमाराला पाणी पंचायत सुरू केली, तेव्हा पाणी जमिनीच्या एकरांवर नाही, घरातल्या माणसांवर वाटलं, आणि ऊस घ्यायचा नाही असं ठरवलं. ते दुष्काळी गाव होतं, आपण पाऊसवाले म्हणून वेगळे, असं कुणी म्हणेल. अथणीत पाऊस कमी पडतो, खानापूरच्या जंगलात धो धो पडतो, निपाणी या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. पण मार्च ते जूनमध्ये माळाच्या विहिरी सगळीकडे सारख्याच आटतात. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनेही दरवर्षी पावसाचा हिशेब मांडून पीक ठरवायची आणि शेतीसाठी बोअर न मारायची शिस्त घातली. हे कुणा सरकारने करून दिलं नाही. ग्रामसभेने केलं.

सीमाभागाचं एक दुखणं इथे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. योजनेची परिपत्रकं, अर्ज, अटी सगळं कन्नडमध्ये येतं. साठीच्या मराठी शेतकऱ्याला रयत संपर्क केंद्रात जाऊन दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागतं, मग दलाल शिरतो, ठिबकचं कोटेशन फुगतं, अनुदान अडकतं. ज्या भागांत भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांहून जास्त आहेत, तिथे त्यांच्या भाषेत कागद मिळणं हा आपला हक्क आहे. तो हक्क पाण्याच्या कामासाठी मागा. आणि मागताना आपल्या शेजारच्या कन्नड शेतकऱ्याला बरोबर घ्या. त्याची विहीर त्याच पाषाणात आहे आणि त्याची मोटरही त्याच टीसीवर. भाषेच्या लढ्यात आपण वेगवेगळ्या बाजूंना असू, पाण्याच्या लढ्यात नाही.

आता तुमच्याकडून काय हवं ते सांगतो.

गुढीपाडव्याच्या आत प्रत्येकाने आपल्या विहिरीत दोर सोडून पाण्याची पातळी मोजावी, परसात नव्हे, फुटात, आणि वहीत तारीख घालून लिहावी. बोअरवाल्याने दोनशे लिटरचं बॅरल किती वेळात भरतं आणि मोटर किती तासांनी हवा ओढते ते लिहावं. हेच पुन्हा मृगाच्या आधी आणि दिवाळीनंतर करावं. सरकारच्या निरीक्षण विहिरी तालुक्यात मोजक्या आहेत. त्यांच्या आकड्यावर आपल्या गावाचं काही ठरत नाही. गावाची स्वतःची वही झाली, की तहसीलदारापुढे बोलताना आपल्या हातात पुरावा असतो.

ऑटो स्टार्टर काढा. एकट्याने काढून उपयोग नाही, टीसीवरच्या सगळ्यांनी एकदम काढा आणि पाळी लावा. आज तुझी, उद्या माझी. टीसी जळायचा थांबेल, हा फायदा तर पहिल्याच महिन्यात दिसेल. पाचट जाळू नका, सरीत पसरा. खोडव्यात एक आड एक सरी पाणी द्या. यातल्या कशालाही अनुदान लागत नाही, अर्ज लागत नाही.

येत्या आडसाली लावणीत नवं क्षेत्र उसाखाली आणू नका. आहे तो ऊस ठिबकवर घ्या, आणि तिथे वाचलेलं पाणी त्याच रानात राहू द्या. हे मी कारखान्यांच्या संचालकांनाही सांगतो. हालसिद्धनाथ, चिक्कोडीचा दूधगंगा-कृष्णा, संकेश्वरचा हिरण्यकेशी, या साऱ्यांकडे नोंदीचे दप्तर आहे. नोंद घेताना ठिबकच्या उसाला तोडीत पहिली पाळी द्या. शेतकऱ्याला शंभर भाषणांपेक्षा वेळेवर आलेली टोळी जास्त पटते.

जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि आपल्या आमदार-खासदारांकडे एकाच मजकुराचं निवेदन जावं : दिवसा थ्री फेज, वाचलेल्या युनिटचे पैसे खात्यात, सोलरच्या उरलेल्या विजेची खरेदी, ज्वारी-तूर-सोयाबीनची खरेदी केंद्रं काढणीच्या आधी सुरू, क्षारपड रानाच्या निचऱ्याला अनुदान, आणि हे सगळं मराठीतही. कागलच्या बाजूचे आपले पाहुणे मुंबईला हेच लिहितील, तर दोन्ही सरकारांना एकमेकांकडे बोट दाखवता येणार नाही. दोन्हीकडच्या काठांवरच्या गावांनी बंधाऱ्याचे बरगे कधी घालायचे आणि पाणी आल्यावर किती दिवस मोटरी बंद ठेवायच्या, हे बसून ठरवावं. सोयरीक जुळवताना आपण सीमा बघत नाही. पाण्यासाठीही बसायला हरकत नसावी.

निपाणी आणि बेळगाव शहरातल्या वाचकांनाही हे सांगणं आहे. जवाहर तलाव आणि राकसकोप भरले की आपण निर्धास्त होतो. पावसाने ओढ दिली की चार दिवसांआड नळ येतो तेव्हाच गावाची आठवण होते. शहरातल्या वकिलांनी, प्राध्यापकांनी, पत्रकारांनी गावच्या वह्या लिहायला, निवेदनं कन्नड-मराठीत तयार करायला मदत करावी. शेतकरी संघटनांनीही, मराठी-कन्नड दोन्ही, पुढच्या मोर्चात उसाच्या दरासोबत पाण्याची मागणी लिहावी.

घरातल्या बायकांना वेगळी विनंती आहे. विहीर आटली की हंडा तुमच्या डोक्यावर येतो, पण बोअर मारायचं ठरतं तेव्हा तुम्हाला विचारत नाहीत. ग्रामसभेला या, आणि नवीन बोअरच्या कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी शेजारच्या चार विहिरींची पातळी विचारा.

हे सगळं ठरवायला ग्रामसभा बोलवा. ती पुढे ढकलली जात असेल तर पीडीओंकडे (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे) लेखी मागणी करा. येताना प्रत्येकाने आपला उतारा, पंपाचा आरआर नंबर, मोटरचा एचपी, विहीर किंवा बोअरची खोली आणि पाडव्याच्या आत मोजलेली पातळी एका कागदावर लिहून आणावी. पहिला ठराव टीसीप्रमाणे शेतकऱ्यांची यादी करण्याचा घ्यावा, दुसरा ऑटो स्टार्टर काढण्याचा, आणि तिसरा वर सांगितलेल्या निवेदनाचा. ठरावाची एक प्रत पंचायतीत, एक तहसीलदारांकडे, एक हेस्कॉमच्या विभागीय कार्यालयात द्यावी, आणि पोचपावती घेतल्याशिवाय परत येऊ नये.